बिनभोकाचा पैसा

वकीलीणबाई नाणं आधी बघत नसत. आणणाऱ्याला ओसरीच्या पायरीवर उभं करत, नाणं डाव्या तळहातावर घेत आणि उजव्या अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून एकदा फिरवत. मग सोनाराच्या काट्यात वजन. मग फरशीवर टाकून आवाज. भिंग सगळ्यात शेवटी. तेवढ्या वेळात समोरच्यानं काही बोललेलं त्यांना खपत नसे. "मी तुमचं नाणं ऐकते आहे, तुम्हाला नाही," असं त्यांनी एका डॉक्टरला सांगितलेलं मी जिन्यात उभी राहून ऐकलं आहे.

निकाल एका शब्दाचा असे. चूक टाकसाळीतच झालेली असेल तर "टाकसाळ". बाहेर कोणी ठोकून, घासून, दाबून केलेली असेल तर "लोहार". त्यापुढं त्या फारसं बोलत नसत आणि दुसऱ्यांदा नाणं हातात घेत नसत.

चुकलेली नाणी जमवणारे शौकीन असतात हे मला अकोल्याला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. टाकसाळीत लाखांनी नाणी पडतात. त्यात एखाद्यावर ठसा सरकतो, एखादं दोनदा छापलं जातं, एखाद्याची चकतीच कडेला तुटकी निघते. असं नाणं हजारात एक, आणि त्याच्यासाठी जीव टाकणारे लोक. जीव टाकणारे आले की त्यांना फसवणारेही आलेच. अमरावती, खामगाव, पार तेल्हाऱ्यापर्यंतची माणसं रविवारी सकाळी वकीलीणबाईंच्या पायरीवर येत, कारण त्यांच्याइतका डोळा वऱ्हाडात दुसऱ्या कोणाला नव्हता. आणि त्यांच्याइतकी जीभही.

तिवशाचे एक मास्तर आले होते. उन्हाळ्याचे दिवस, अंगात कोट, कोटाच्या आतल्या खिशात कापसात गुंडाळलेला राजाच्या छापाचा पैसा. एका बाजूला राजाचा चेहरा नीट, आणि मागच्या बाजूला अक्षरं असायची तिथं तोच चेहरा उलटा, आत खोल गेलेला. टाकसाळीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्यावर असा उलटा चेहरा उमटतो. मास्तरांच्या वडिलांनी मरताना तो त्यांच्या हातात दिला होता.

वकीलीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. "लोहार."

मास्तर म्हणाले, "नीट बघितलंत का?"

"या गालाखाली बघा. जुन्या अक्षरांचा माग राहिला आहे. टाकसाळीतला असता तर तिथं अक्षरं कधी उमटलीच नसती. आणि पुढच्या राजाचं नाक चेपलेलं आहे. दोन पैसे शिकंज्यात धरून दाबलेत."

"वडिलांनी चाळीस वर्षं जपला होता, बाई."

"मग तुमच्या वडिलांना कोणीतरी फसवलं. नाहीतर त्यांनी तुम्हाला."

मास्तर पायरीवर बसले. मी वरून पाणी घेऊन आले. ते पाणी पीत असताना मी म्हणाले की वडिलांची आठवण म्हणून तर ठेवता येईलच. वकीलीणबाई काटा डब्यात ठेवत म्हणाल्या, "पाणी द्या, मास्तरीणबाई. औषध देऊ नका."

तेल्हाऱ्याकडचा एक शेतकरी मात्र त्यांना पुरून उरला. नांगरताना सापडलेलं वाकडं नाणं घेऊन तो आला होता. निकाल ऐकून त्यानं शांतपणे विचारलं, "म्हंजे याले काही मोल हाय का नाही?"

"होतं. एक पैसा."

"आता तो बी चालत नाई."

"मग नाही."

"असं पयलेच सांगा ना. लोहार-बिहार काहून म्हनता? आमचा लोहार लय चांगला मानूस हाय." आणि नाणं त्यांच्याच तुळशीत टाकून तो गेला. त्या दिवशी वकीलीणबाई हसल्या होत्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते मोजून दोनदा.

मी त्यांच्याकडे आले ते बावन्न सालच्या सुमाराला, मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा. माझं माहेर दर्यापूरकडचं, शेतीवाडीचं. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला अकोल्यात खोली मिळत नव्हती. वकीलसाहेबांच्या घरी विचारायला गेले तर दार बाईंनी उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"टाकलेल्या आहात की टाकून आलात?"

"टाकून आली," मी म्हणाले.

"मग वरची खोली घ्या."

तेव्हा वकीलसाहेब होते. गावात त्यांना आबासाहेब म्हणत. दिवाणी वकील, गोरे, उंच, आवाज असा की तिसऱ्या घरी ऐकू जावा. नाण्यांचे शौकीन ते. वकीलीणबाई नव्हेत. रविवारी त्यांच्या ओसरीवर चार-सहा मंडळी जमत, एखादे प्राध्यापक अमरावतीहून येत, आणि बाई आतून पोह्यांच्या बश्या आणत.

पण आठवड्यातले बाकीचे सहा दिवस मला वरच्या खिडकीतून दिसत. आबासाहेब कापूस बाजारातून, देवळातून, पानवाल्याकडून चिल्लरीच्या थैल्या आणत आणि स्वैपाकघराच्या दाराशी ठेवत. वकीलीणबाई दुपारचं आवरलं की मांडी घालून बसत आणि तांदूळ निवडावेत तशी नाणी निवडत. हजार, दोन हजार. खडा काढावा तसं एखादं बाजूला. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर आबासाहेब फक्त बाजूला ठेवलेली बघत. हे वीस वर्षं चाललं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी बाईंना भिंग दिलं नव्हतं. बाई नखानं बघायला शिकल्या त्या त्यामुळं.

एका रविवारी मी पाणी भरायला खाली आले होते. आबासाहेबांना लहर आली आणि त्यांनी बश्या ठेवायला आलेल्या बाईंपुढं एक पैसा धरला. उलट्या चेहऱ्याचाच, मास्तरांच्या पैशासारखा. "सांग पाहू, यात काय आहे?"

बाईंनी तो घेतला, नख फिरवलं आणि खालच्या मानेनं म्हणाल्या, "हा शिकंज्यात दाबलेला आहे. पुढून चेपला आहे."

आबासाहेब मंडळींकडे वळले. "आमच्या स्वैपाकघरात शिकंजासुद्धा आहे बरं का." सगळे हसले. अमरावतीच्या प्राध्यापकांना हसताना ठसका लागला, तर बाईंनीच त्यांना पाणी दिलं.

पंधरा दिवसांनी तेच प्राध्यापक तोच पैसा विकत घ्यायला निघाले, तेव्हा आबासाहेबांनी त्यांना अडवलं. "अहो, शिकंज्यात दाबलाय तो. पुढची बाजू बघा, चेपली आहे." प्राध्यापक थक्क झाले. काय नजर आहे, म्हणाले. बाई दारात उभ्या होत्या. बशी तिरपी झाली आणि पोहे सांडले. "हात थरथरतात का गं?" आबासाहेबांनी विचारलं. बाईंनी पोहे गोळा केले.

पुढच्या वर्षी आबासाहेबांना तो पैसा मिळाला.

लढाईच्या काळात तांबं वाचवायला सरकारनं मधे भोक असलेला पैसा काढला होता. आमच्याकडे पोरं तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. आबासाहेबांना चिल्लरीच्या थैलीत त्यातलाच एक मिळाला, आणि त्याला भोक नव्हतं. टाकसाळीत चकतीला भोक पाडायचं राहून गेलेलं आणि तशीच ती छापली गेलेली. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला वेल, आणि मधे जिथून पलीकडचं दिसायचं तिथं सपाट तांबं. त्या दिवशी आबासाहेब कोर्टात गेले नाहीत. त्यांनी स्वतः बाजारातून पेढे आणले आणि मलाही खाली बोलावलं. पैसा मखमलीच्या डबीत होता. बाई बघायला पुढं झाल्या तर ते म्हणाले, "लांबून बघ. तुझे हात ओले आहेत."

त्या पैशानं आबासाहेबांना मोठं केलं. नागपूरहून, मुंबईहून माणसं बघायला येत. ते डबी उघडत, पण नाणं कोणाच्या हातात देत नसत. कोणी वजन करू म्हणालं तर म्हणत, "माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का?" सहा वर्षं त्यांनी तो असा दाखवला. नवे पैसे सुरू झाले, जुनी चिल्लर थैल्यांनी घरात येऊ लागली, बाई निवडतच राहिल्या. मग एका पावसाळ्यात आबासाहेब छातीत कळ येऊन कोर्टाच्या आवारातच गेले.

त्यांना एक मुलगा, मधुकर. अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवायचा. सरळ, हळवा, वडील म्हणजे देव. त्यानं ठरवलं की वडिलांचा संग्रह कॉलेजला द्यायचा. दालन, काचेचं कपाट, आणि कपाटाच्या मध्यभागी बिनभोकाचा पैसा. समारंभाची पत्रिका आली. तीत आबासाहेबांचं नाव तीन वेळा होतं, मधुकरचं एकदा, प्राचार्यांचं दोनदा. शेवटी "कै. आबासाहेबांच्या पत्नी उपस्थित राहतील" असं होतं. वकीलीणबाईंनी ती मला वाचून दाखवायला सांगितली, आणि झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही चला माझ्याबरोबर."

सभागृह भरलेलं होतं. प्राचार्य बोलले, ते ठसका लागलेले प्राध्यापक बोलले, आबासाहेबांच्या नजरेबद्दल बोलले. टेबलावर दानपत्र होतं, शेजारी शाईची दौत, पानसुपारीचं तबक, संग्रहातल्या काही पैशांची ताटली आणि मखमलीची डबी. बाईंनी डबी प्राचार्यांच्या हातात द्यायची, एवढंच ठरलेलं होतं.

त्या उठल्या. डबी उघडली आणि पैसा तळहातावर घेतला. माझ्या माहितीत त्या सगळ्यांसमोर त्याला पहिल्यांदाच हात लावत होत्या. त्यांनी कडेवरून नख फिरवलं आणि पैसा टेबलावर टाकला. खट्ट असा आवाज आला. शेजारच्या ताटलीतला दुसरा पैसा टाकला, तो खणखणला. प्राचार्यांना वाटलं, काही विधी असेल. ते हात जोडून उभे राहिले.

"हा लोहार आहे," वकीलीणबाई म्हणाल्या.

मधुकर खाली वाकून म्हणाला, "आई, काय बोलतेस? डबी दे फक्त."

बाईंनी दौतीचं झाकण काढलं. पैसा तिच्या तोंडावर आडवा ठेवला. तबकातला अडकित्ता उचलला, त्याची बोथट मूठ पैशाच्या मधोमध टेकवली आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून दाबली. मधला तुकडा सुटला आणि शाईत पडला. थोडी शाई दानपत्रावर उडाली.

पैसा त्यांनी वर धरला. त्याला भोक होतं. सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही ते दिसलं असेल.

"वजन केलं असतं तरी कळलं असतं," त्या म्हणाल्या. "कोणी केलं नाही." आणि माझ्याकडे वळून, "चला, मास्तरीणबाई. साडेतीनची गाडी आहे."

पुढचे सहा महिने मधुकरवर काय गुजरलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. लोकांनी सरळ अर्थ काढला. आबासाहेबांनीच भोक बुजवून घेतलं, म्हणूनच ते कोणाच्या हातात देत नव्हते. कोर्टात त्यांची जुनी माणसं त्यांचं नाव निघालं की विषय बदलू लागली. कॉलेजातली पोरं मधुकरच्या तासाआधी फळ्यावर मोठं वर्तुळ काढत आणि त्यात एक भोक. तो ते पुसायचा आणि शिकवायला लागायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्तुळ.

शेवटी तो अकोल्याला आला. बाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"एवढंच सांग. बाबांनी केलं का ते?"

"नाही."

"मग लोकांना सांग तसं."

"तुझ्या वडिलांना तेवढं जमलं नसतं," बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

 मधुकरला वाटलं, आई मेलेल्या माणसाची थट्टा करते आहे आणि लपवते आहे. पाणीही न घेता तो निघाला. बाईंनी मागून "जेवून जा" म्हटलं, ते त्यानं ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. मी जिन्यात होते. खाली येऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"काकू, मग कोणी केलं?"

"मी."

त्या सोलत राहिल्या आणि सांगत गेल्या, जसं भाजीचं सांगावं तसं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा सोनार राहायचा. तो आधी घाबरला होता. म्हणाला, "बाई, खोटं नानं करनं गुना हाय." त्यावर या म्हणाल्या होत्या, "मी भोक बुजवायला सांगते आहे. नाणं सरकारनंच केलेलं आहे." वकिलाच्या बायकोचा युक्तिवाद. त्यानं भोकात तांब्याचा तुकडा नुसता ठोकून घट्ट बसवला आणि चिंचेनं घासून रंग जुळवला. बाईंनी तो पैसा थैलीतल्या नाण्यांत मिसळला आणि संध्याकाळी बाजूच्या ढिगात ठेवला.

"कशाला पण?"

"ते पोह्यांच्या वेळचं तुम्हाला आठवतं ना? मला वाटलं, हा पैसा बघून तरी विचारतील. 'बघ गं, हे खरं आहे का?' एवढंच. मी त्याच मिनिटाला सांगितलं असतं, हसण्यावारी नेलं असतं." त्यांनी टरफलं बाजूला केली. "रोज वाटायचं, आज विचारतील. सहा वर्षं."

"ते गेल्यावर तरी मधुकरला घरात सांगायचं. तिथं सगळ्यांपुढं..."

"घरात सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आई, तुला काय कळतं. त्याच्या बापासारखंच. प्रेमानं म्हणाला असता, एवढंच."

मी म्हणाले की आता तरी त्याला खरं कळायला हवं. पोरगा सुकत चालला आहे. बाप फसला होता, लबाड नव्हता, हे त्याला कळलं तर मान वर करून चालेल.

त्यांचे हात थांबले. "हो, चालेल. माझ्यानं सांगवणार नाही. तुम्हाला सांगायचं तर सांगा. मी खोटं आहे म्हणणार नाही."

मी सांगितलं नाही. पुढच्या काळात अमरावतीला माझ्या चार चकरा झाल्या, एकदा तर मी मधुकरच्या घराच्या गल्लीपर्यंत गेले होते. मला खोली जाण्याची भीती नव्हती. खरी गोष्ट अशी की त्या दौतीत तुकडा पडताना मला बरं वाटलं होतं. माझा नवरा, त्याचे भाऊ, सासऱ्याच्या बैठकीतले हसणारे लोक, ते सगळे मला त्या सभागृहात बसलेले दिसले होते. मधुकर त्यांच्यातला नव्हता हे मला माहीत होतं. तरी मी परत फिरले.

त्यानंतरच बाईंचं नाव झालं. ज्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याला सोडलं नाही ती कोणाला सोडणार, असं म्हणून लोक डोळे झाकून त्यांच्याकडे नाणी आणू लागले. आबासाहेबांचं भिंग आता त्या वापरत. त्यांचा निकाल कधी चुकला असं मी ऐकलं नाही. त्या कोणाशी कधी मऊ बोलल्या असंही ऐकलं नाही. ठसका लागणारे ते प्राध्यापक एकदा आले, तेव्हा बाईंनी त्यांना तासभर उन्हात पायरीवर उभं ठेवलं, आणि मग सांगितलं की आज नाणी बघायची नाहीत.

सहासष्टच्या आसपास त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू काढला तो बिघडला. वर्षभर त्या नखावर आणि आवाजावर चालवत राहिल्या. स्वैपाकघरात दोनदा हात भाजला, तेव्हा मी मधुकरला पत्र टाकलं. पत्रात फक्त डोळ्यांचं लिहिलं.

तो बायकोला घेऊन आला. केस पांढरे झाले होते, वय चाळीसही नसेल. सकाळची वेळ होती, टांगा दाराशी उभा, सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. सुनेनं बाईंचा हात धरून त्यांना ओसरीवर आणलं. मधुकर पुढं झाला, एवढ्या वर्षांनी त्यानं आईच्या पायाला हात लावला, आणि तसाच खाली बसून राहिला.

"आई, मी फार राग धरला तुझा," तो म्हणाला. "पण आता वाटतं, बाबा खोटे निघाले तरी या घरात तू एक खरी होतीस. तेवढ्यावर मी तरलो."

 वकीलीणबाईंनी मान वर केली आणि मी जिन्याच्या ज्या पायरीवर उभी होते तिकडे तोंड वळवलं. मी तिथं आहे हे त्यांना बांगड्यांवरून कळलं असेल. त्या थांबल्या. सून म्हणाली, "चला आई, ऊन होतंय," तरी त्या हलल्या नाहीत. मधुकरनंही वळून माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं निरोप घ्यायचा आहे. तो हसून म्हणाला, "बाई, तुम्ही फार केलंत आईचं."

"नीट जा," मी म्हणाले.

वकीलीणबाईंनी अजून क्षणभर वाट पाहिली. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून टांग्यात चढल्या आणि घोड्याकडे पाठ करून, मागच्या बाजूला, घराकडे तोंड करून बसल्या. टांगा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या तशाच होत्या. त्यांना दिसत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी जिन्याच्या कठड्यामागं सरले.